पितळी भिंगाचे कूळ

कल्याणात पारनाक्याजवळचा किंवा टिळक चौकाजवळचा एखादा जुना वाडा पाडायला निघतो, तेव्हा सगळ्यात शेवटी माळा रिकामा होतो. तांब्याचे हंडे, सागवानी पाळणा, देव्हारा यांना वारस मिळतात. उरते एखादी लोखंडी ट्रंक, आणि तिच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेली एक जड पितळी नळी. दोन्ही टोकांना काच, अंगावर एक फिरकी, पितळ काळवंडलेले. नाव नाही, गाव नाही, आकडा नाही. कुणी म्हणतो दुर्बिणीची असेल, कुणी म्हणतो कॅमेऱ्याची. भंगारवाला ती तराजूत टाकतो आणि पितळेचा भाव सांगतो.

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात सध्या वाडे आणि चाळी ज्या वेगाने जमीनदोस्त होत आहेत, ते पाहता अशा नळ्यांना फार दिवस उरलेले नाहीत. नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. जुन्या भिंगाचे मात्र मूळही शोधता येते आणि कूळही. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. एक दिवा, एक मोजपट्टी, एक मेणबत्ती आणि एक निवांत संध्याकाळ पुरते.

कल्याणात सापडलेल्या नळीला पहिला प्रश्न असा विचारावा लागतो: ही चित्र आत घेणारी की बाहेर फेकणारी? हा प्रश्न याच गावात एवढा महत्त्वाचा का, यामागे मोठा इतिहास आहे. १८९२ मध्ये कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने मॅजिक लँटर्नचे खेळ सुरू केले. शांबरी म्हणजे माया, शंबरासुराची विद्या. पुढे रामचंद्र आणि विनायक या त्यांच्या मुलांनी हे खेळ गावोगाव नेले. काचेवर पारदर्शक रंगांनी हाताने चित्रे काढायची, ती दिव्यापुढे धरायची आणि पुढच्या भिंगातून अंधारातल्या पडद्यावर मोठी करून दाखवायची, असा हा खेळ. रामायण-महाभारतातले प्रसंग त्यात असत. थोड्याथोड्या फरकाने काढलेली चित्रे भराभर बदलली, की पडद्यावरची माणसे हलल्याचा भास होई. मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या चलच्चित्रांचा पहिला खेळ झाला तो ७ जुलै १८९६ रोजी. म्हणजे त्याआधी चार वर्षे कल्याणकर पडद्यावर हलणारी चित्रे पाहत होते. ही गोष्ट कल्याणच्या शाळाशाळांतून सांगितली गेली पाहिजे इतकी मोलाची आहे.

मॅजिक लँटर्नची रचना साधी असते. पत्र्याची पेटी, आत प्रखर दिवा, दिव्यापुढे उजेड गोळा करणारी जाड भिंगे, त्यापुढे उलटी धरलेली काच आणि सर्वांत पुढे पितळी नळी. पेटी गंजते, काचा फुटतात, नळी टिकते. म्हणून दीडशे वर्षांनंतर हाती येणाऱ्या अनेक पितळी ‘लेन्स’ कधी कॅमेऱ्याला लागलेल्याच नसतात. त्या कंदिलाच्या असतात. अर्थात कल्याणात मिळालेल्या प्रत्येक नळीला पटवर्धनांचे नाव चिकटवण्याचा मोह टाळलाच पाहिजे. असे कंदील शाळांत, मिशनऱ्यांकडे, हौशी घरांतही होते. नाव लावायचे तर पुरावा हवा.

गंमत अशी की कंदिलाचे भिंग आणि स्टुडिओतल्या कॅमेऱ्याचे भिंग ही बहुतेक वेळा सख्खी भावंडे असतात. दोघांचा जनक एकच, व्हिएन्ना विद्यापीठातला गणिताचा प्राध्यापक योझेफ पेट्झवाल.

१८३९ मध्ये दागेरने छायाचित्रणाचा शोध जाहीर केला, तेव्हाची भिंगे इतकी मंद होती की माणसाला मिनिटेच्या मिनिटे पुतळ्यासारखे बसावे लागे. पेट्झवालने या प्रश्नाला गणिताने हात घातला. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर किरण किती वळेल याची प्रचंड आकडेमोड करायची होती. त्यासाठी ऑस्ट्रियाच्या तोफखान्यातली हिशेबात तरबेज माणसे त्याच्या मदतीला देण्यात आली. १८४० मध्ये भिंग तयार झाले. पुढे चिकटवलेली काचेची जोडी, मागे मध्ये थोडी हवा ठेवून बसवलेली दुसरी जोडी, अशी त्याची रचना होती. उजेड कितीतरी पट जास्त येऊ लागला आणि माणसांचे फोटो काढणे हा धंदा होऊ शकला. भिंग घडवले फोग्टलेंडर या कारखान्याने. पण पुढे प्राध्यापक आणि कारखानदार यांचे बिनसले. पेटंट ऑस्ट्रियापुरतेच होते. फोग्टलेंडरने १८४९ मध्ये जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगला दुसरा कारखाना काढला. पॅरिस, लंडन, बर्लिन, जिथे म्हणून काच घासणारे कारागीर होते तिथे या रचनेच्या नकला होऊ लागल्या. बिननावाची पेट्झवाल भिंगे जगभर एवढी का विखुरली आहेत, याचे कारण या भांडणात आहे.

आता दिव्याची परीक्षा. खोलीतले बाकीचे दिवे मालवून एकच बल्ब किंवा मोबाइलचा टॉर्च लावावा आणि भिंगात त्याची प्रतिबिंबे मोजावीत. जिथे काच हवेला भिडते, त्या प्रत्येक पृष्ठभागावरून एक ठळक ठिपका उमटतो. जिथे दोन काचा एकमेकींना चिकटवलेल्या असतात, तिथून अगदी फिकट ठिपका येतो. नळी थोडी तिरकी केली की ठिपके एकमेकांपासून सुटे होतात. पुढचा आणि मागचा भाग आटे फिरवून वेगळा होत असेल तर दोन्हींचे ठिपके वेगवेगळे मोजावेत. पुढच्या भागात दोन ठळक आणि एक फिकट, मागच्या भागात चार ठळक, असा हिशेब लागला तर हातात पेट्झवालच्या वंशातले भिंग आहे.

दोन्ही बाजूंना सारखेच, म्हणजे प्रत्येकी दोन ठळक आणि एक फिकट ठिपके दिसले तर ती ‘रॅपिड रेक्टिलिनियर’ या जातीची. १८६६ मध्ये लंडनमध्ये डॉलमायर आणि म्युनिकमध्ये श्टाइनहाइल यांनी एकाच वर्षी, स्वतंत्रपणे ही रचना आणली. सरळ रेघा सरळ दिसाव्यात हा तिचा गुण, म्हणून इमारती, पूल आणि शाळांचे ग्रुप फोटो टिपायला ती उपयोगी पडे. प्रत्येक बाजूला दोन ठळक आणि दोन फिकट ठिपके असतील तर बर्लिनच्या ग्योर्झ कारखान्याचे ‘डागोर’ किंवा त्याची नक्कल, म्हणजे १८९२ नंतरचे. नुसते सहा ठळक ठिपके दिसले तर ते १८९३ च्या कुक ट्रिप्लेटचे घराणे. ही रचना यॉर्कच्या एच. डेनिस टेलर यांची, पण ती भिंगे बनवली लेस्टरच्या टेलर, टेलर अँड हॉब्सनने.

झाइसचे १९०२ चे ‘टेसार’ इथे चांगलेच फसवते. तिथेही सहा ठळक आणि एक फिकट, म्हणजे बेरीज पेट्झवालएवढीच. पण टेसारमध्ये चिकटवलेली जोडी मागे असते, पेट्झवालमध्ये पुढे. शिवाय पेट्झवालची नळी लांबट, टेसारची बुटकी. नुसती बेरीज करून निकाल देणारा इथे हमखास चुकतो. ठिपके कुठे आहेत हेही पाहावे लागते.

ठिपक्यांचा रंगही बोलतो. ते पांढरे असतील तर काचेवर मुलामा नाही. निळसर-जांभळे किंवा पिवळसर दिसत असतील तर काचेवर परावर्तन कमी करणारा थर चढवलेला आहे. झाइसमधल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी हे तंत्र १९३५ मध्ये शोधले. बाजारातल्या भिंगांवर ते सर्रास दिसू लागले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. त्यामुळे ‘पणजोबांची शंभर वर्षांपूर्वीची लेन्स’ जांभळी चमकत असेल, तर ती आजोबांच्या काळातली धरायला हरकत नाही.

नंतर येते मेणबत्ती. भिंग मध्ये धरायचे, एका बाजूला मेणबत्ती, दुसऱ्या बाजूला पांढरा कागद. कागदावरची उलटी ज्योत खऱ्या ज्योतीएवढीच दिसेपर्यंत तिन्ही पुढेमागे सरकवायची. मग मेणबत्तीपासून कागदापर्यंतचे अंतर मोजून त्याला चारने भागायचे. अंतर ८८ सेंटिमीटर भरले तर भिंगाची नाभीय लांबी साधारण २२ सेंटिमीटर. पुढच्या काचेचा व्यास ६ सेंटिमीटर असेल तर २२ भागिले ६, म्हणजे एफ ३.७ च्या आसपास. एवढे वेगवान जुने भिंग बहुतेक पेट्झवालच असते. हेच उत्तर ८ च्या जवळ आले तर रॅपिड रेक्टिलिनियरकडे बोट जाते. एक सावधगिरी मात्र बाळगावी. हा प्रयोग सूर्यावर करू नये आणि भिंग उन्हात उघडे ठेवू नये. कागदच काय, घराचा पडदाही त्याने पेटतो.

पेट्झवाल ठरले, तरी ते कॅमेऱ्याचे की कंदिलाचे हा प्रश्न उरतोच. नळीच्या पाठीवर आडवी चीर असेल तर ते जवळजवळ नक्की कॅमेऱ्याचे. १८५८ मध्ये जॉन वॉटरहाउस यांनी भोक पाडलेल्या पितळी पट्ट्या अशा चिरेतून आत सरकवायची पद्धत आणली. उजेड जास्त तर बारीक भोकाची पट्टी, कमी तर मोठ्या भोकाची. कंदिलाला उजेड कमी करायचा नसतो, म्हणून त्याच्या नळीला चीर नसते. पण चीर नाही म्हणजे कंदीलच, असेही म्हणता येत नाही, कारण १८५८ पूर्वीच्या कॅमेऱ्याच्या भिंगांनाही ती नव्हती. अशा वेळी बसण्याची जागा पाहावी. लाकडी फळीवर स्क्रूने ठोकण्यासाठी भोके असलेली पितळी चकती सोबत असेल तर पारडे कॅमेऱ्याकडे झुकते. नळी नुसतीच दुसऱ्या नळीत सरकणारी असेल तर कंदिलाकडे. एकच खूण पुरत नाही. तीन-चार खुणा एकाच दिशेला बोट दाखवतात, तेव्हा निकाल देता येतो.

चिरेऐवजी पाकळ्यांची झडप असेल, तर भिंग बहुधा १८८० च्या पुढचे. तिच्या कड्यावरचे आकडे वाचताना आणखी एक गफलत होते. ४, ८, १६, ३२, ६४ असे दुपटीने वाढणारे आकडे दिसले तर ते आजचे एफ आकडे नव्हेत. ब्रिटनच्या फोटोग्राफिक सोसायटीने १८८१ मध्ये मान्य केलेली ती जुनी पद्धत आहे. तिच्यातला ४ म्हणजे आजचा ८, तिच्यातला ८ म्हणजे आजचा ११, आणि १६ मात्र दोन्हीकडे सारखाच. जुन्या कोडॅक घडीच्या कॅमेऱ्यांवर हे आकडे हमखास भेटतात.

नाव कोरलेले असले की काम सोपे होते, असा समज आहे. तो अर्धाच खरा. ‘ए. रॉस, लंडन’ असे असेल तर ते उपयोगी पडते, कारण अँड्र्यू रॉस १८५९ मध्ये वारले. पुढे मुलाच्या आणि मग कंपनीच्या नावाने भिंगे आली. त्यांचे जावई डॉलमायर वेगळे झाले आणि त्यांनी आपले नाव लावले. ‘फोग्टलेंडर, व्हिएन्ना’ आणि ‘फोग्टलेंडर, ब्राउनश्वाइग’ यांतल्या गावाच्या फरकावरूनही काळ उमगतो. ‘डी. आर. पी.’ ही अक्षरे जर्मन साम्राज्याच्या पेटंटची, म्हणजे १८७७ नंतरची. ‘एस. जी. डी. जी.’ ही फ्रेंच पेटंटची. ‘मेड इन जर्मनी’ हे शब्द आले ते ब्रिटनने १८८७ मध्ये परदेशी मालावर देशाचे नाव घालण्याचा कायदा केल्यावर. हिंदुस्थानातही १८८९ मध्ये तसाच कायदा झाला.

पण पुष्कळदा कोरलेले नाव घडवणाऱ्याचे नसतेच. ते विकणाऱ्याचे असते. पॅरिसच्या दार्लो कारखान्याची भिंगे कितीतरी दुकानदारांनी आपापली नावे घालून विकली. जपानचा ‘हान्सा कॅनन’ कॅमेरा १९३० च्या दशकाच्या मध्याला आला. त्याचे भिंग आज निकॉन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या निप्पॉन कोगाकूने बनवले होते आणि ‘हान्सा’ हे तर वितरकाचे चिन्ह होते. एका वस्तूला तीन घरांची नावे! अलीकडचे उदाहरण ‘व्हिव्हिटार’चे. ही अमेरिकी कंपनी स्वतः भिंगे घडवत नसे, दुसऱ्यांकडून करवून घेई. तिच्या १९७०-८० च्या भिंगांवरचा क्रमांक २२ ने सुरू झाला तर कर्ता किनो, २८ ने झाला तर कोमिने, ३७ ने झाला तर टोकिना. हा संकेत माहीत असणाऱ्याला जुन्या बाजारात रास्त भावात उत्तम वस्तू मिळते.

नाव अजिबातच नसेल तर एक शेवटची जागा उरते, आणि ती फार हृद्य आहे. काचेची कड. पॅरिसचे कारागीर काच बसवण्यापूर्वी तिच्या घासलेल्या, दुधी कडेवर शिसपेन्सिलीने कारखान्याचे नाव किंवा खूण लिहीत. पितळी कड्यात बसली की ती अक्षरे झाकली जात आणि तशीच राहत. दीडशे वर्षांनी कुणीतरी कडे सोडवतो तेव्हा ‘दार्लो, पॅरिस’ अशी पेन्सिलीची रेघ डोळ्यांसमोर येते. म्हणून काच बाहेर काढली तर तिची कड कधीही पुसू नये. एका बोळ्याने पुसले की नळी पुन्हा निनावी झाली.

डोंबिवलीतल्या घरांत बहुधा वेगळ्या पिढीची भिंगे निघतात. नोकरदारांच्या या गावात कपाटाच्या वरच्या कप्प्यातला कॅमेरा म्हणजे पुष्कळदा ‘आग्फा क्लिक थ्री’. नाव जर्मन असले तरी तो बडोद्यात न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला आणि एका रोलवर बारा चौकोनी फोटो काढणारा. त्याच्या साध्या भिंगाला बाजारात फार किंमत नाही, पण कितीतरी मराठी घरांतल्या मुंजी, बारशी आणि सहली त्यातूनच टिपल्या गेल्या. कुठे रशियन झेनिट निघतो. त्याच्या भिंगाच्या क्रमांकातले पहिले दोन आकडे बहुधा सालाचे असतात, ७८ म्हणजे १९७८. कोडॅकच्या एक्टार भिंगांवर क्रमांकापुढे दोन अक्षरे असतात. ‘कॅमेरॉसिटी’ या इंग्रजी शब्दातल्या दहा अक्षरांना १ ते ९ आणि शेवटी ० असे आकडे दिलेले आहेत. सी म्हणजे १, ए म्हणजे २, एम ३, ई ४, आर ५, ओ ६. मग ‘ई-ओ’ म्हणजे ४६, अर्थात १९४६. ‘कार्ल झाइस येना’ म्हणजे युद्धानंतरच्या काळात पूर्व जर्मनीचे, ‘ऑक्युपाइड जपान’ म्हणजे १९५२ च्या आतले. ‘लायका’ नाव आणि जर्मन वायुदलाची कोरीव चिन्हे एकत्र दिसली तर मात्र शंभरदा विचार करावा. सोव्हिएत फेड आणि झोर्की कॅमेऱ्यांवर खोटी अक्षरे कोरून असले ‘लायका’ पुष्कळ बनवले गेले आहेत.

खोट्या अक्षरांचा धोका हल्ली पितळी नळ्यांनाही आहे. नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर जुने पेट्झवाल लावले की चेहरा स्पष्ट आणि मागची झाडे गरगर फिरल्यासारखी दिसतात. या परिणामापायी जगभर मागणी वाढली आणि निनावी नळीवर बड्या घराण्याचे नाव कोरण्याचे उद्योगही वाढले. नवे कोरीव काम बोटाला धारदार लागते आणि त्याच्या खाचेत जुना मळ नसतो.

सफाईविषयी कळकळीने सांगायला हवे. आपल्याकडे पितळ दिसले की चिंच किंवा पितांबरी हाताशी येते. भिंगाच्या नळीवर मूळची पातळ लाखेची वार्निश असते, ती या घासण्याने कायमची जाते आणि बारीक कोरलेली अक्षरे झिजतात. काचेवर बुरशीची जाळी दिसली तर ती आमच्या खाडीकाठच्या दमट हवेची देणगी. ती फार जुनी असेल तर काच खाऊन गेलेली असते, घासून निघत नाही. दोन काचांच्या मध्ये पिवळेपणा किंवा इंद्रधनुष्यी कडा दिसली तर आतला डिंक सुटला आहे. हा डिंक कॅनडातल्या एका झाडाचा, कॅनडा बाल्सम. युद्धोत्तर काळापर्यंत जगातल्या बहुतेक भिंगांच्या काचा त्यानेच चिकटवल्या जात. तो स्वतःच जुनेपणाची खूण आहे, त्याला हात लावू नये.

एवढे सगळे करून कळते ते भिंग कुठे आणि साधारण कधी घडले. ते इथे कसे आले आणि इथे त्याने काय पाहिले, हे ठिपके सांगत नाहीत. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ मध्ये आणि त्याच वर्षी आगगाडी ठाण्याहून कल्याणला पोहोचली. तेव्हापासून मुंबईच्या दुकानांतली वस्तू कल्याणला यायला काही तास पुरत. पण अमुक भिंग अमुक स्टुडिओत होते, हे सिद्ध करतात ते कागद आणि माणसे. दुकानाची पावती, फोटोच्या पुठ्ठ्यामागचा स्टुडिओचा शिक्का, काचेच्या निगेटिव्हचा आकार, ट्रंकेवर रंगवलेले नाव. भिंगासोबत फुल प्लेटच्या काचा मिळाल्या, तर ते भिंग केवढ्या कॅमेऱ्यावर होते हे कळते. रंगवलेल्या काचा मिळाल्या, तर कल्याणच्या इतिहासात एक नवे पान लागण्याची शक्यता असते. भंगारवाला पितळ उचलतो आणि काचा व कागद कचऱ्यात जातात. खरे नुकसान तिथेच होते.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत कुणाच्या माळ्यावर अशी नळी निघाली, तर ती पुसण्याआधी तिचे चारही बाजूंनी फोटो काढावेत. सोबत जे जे सापडले ते त्याच ट्रंकेत राहू द्यावे. कुठल्या वाड्यात, कुठल्या तारखेला मिळाली हे कागदावर लिहून तो कागद तिच्याबरोबर ठेवावा. आणि मग ती घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या हातात देऊन विचारावे, ही कुणाची?